पोट भरलंय, चालू द्या

कॉलेजचं सरावाचं हॉटेल, दुसरा मजला,
नदीकाठ, इलोइलो शहर.
वार बहुधा शुक्रवार (मूग शिजवले आहेत, आणि आपल्याकडे मूग शुक्रवारीच, म्हणजे शुक्रवारच).

आदरणीय तिया पुरिंग,

तुझा उजवा हात आशीर्वादाला माझ्या कपाळाला लागला आहे असं समजून पत्राला सुरुवात करतो. (हाताला सुक्या मासळीचा वास असेल तर मुद्दाम धुऊ नकोस. पूर्वी मी तोंड फिरवायचो, हल्ली त्याच वासाची आठवण काढत बसतो.) गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी स्वतः घेतेस, की अजून केळ्यात खुपसून मार्गारिताला देतेस आणि वर "माझ्यापेक्षा तिलाच जास्त राग येतो" म्हणतेस? मार्गारिताला पिल्लं झाली का? (हे पत्र आणखी कुणी वाचत असेल तर त्यांच्या माहितीसाठी: तिया म्हणजे मावशी, आणि मार्गारिता ही डुकरीण आहे.) आणि आमराईला मोहोर धरला का? हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारल्यासारखा विचारला आहे, पण तो सहज नाही. त्याच्याकडे मी नंतर येतो.

माझी काळजी अजिबात करू नकोस. शहरात मेलेली माणसं हिंडत आहेत एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही. गावातली सगळी पोरं नर्सिंगला जात होती तेव्हा मी हॉटेलचा कोर्स घेतला, आणि तू धक्क्यापासून चर्चपर्यंत सगळ्यांना सांगत फिरलीस की आमचा फेर्लान चादरींच्या घड्या घालायला शिकायला समुद्रापार गेलाय. आठवतं? तर तिया, नर्सिंगची पोरं सगळ्यात आधी गेली. बिचारी मदतीला धावली ना. घड्या घालणारा अजून आहे आणि त्याच्या घड्या पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगल्या येतात. कॉलेजनं आमच्या सरावासाठी बांधलेलं हे छोटंसं हॉटेल आता सबंध माझ्या ताब्यात आहे. मीच मॅनेजर, मीच वेटर, मीच पाहुणा. रोज वेगळ्या खोलीत झोपतो, सकाळी चादर ताणून घालतो, टॉवेलचा हंस करून उशीवर ठेवतो, मग बाहेर येऊन टेबलावरची घंटी वाजवतो आणि पळत टेबलामागे जाऊन स्वतःचं स्वागत करतो. "सुप्रभात सर, झोप छान लागली ना?" पहिल्यांदा गंमत म्हणून केलं होतं. आता ज्या दिवशी करत नाही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नसतं, म्हणून करतो.

तू म्हणशील बाकीची पोरं कुठे गेली आणि तूच एकटा मागे कसा राहिलास. सांगतो, पण हसू नकोस. माझ्या शेजारच्या बाकावरचा आर्झेल तुला आठवत असेल (गेल्या फिएस्ताला आपल्या घरी येऊन ज्यानं आंब्याचं अर्धं पोतं संपवलं आणि नंतर परसाकडची वाट धरली तो). त्याचे वडील बर्फाचा ट्रक घेऊन त्याला न्यायला आले. सगळे भराभर चढले. मीही पायरीपाशी गेलो. वडील म्हणाले, "चल रे पोरा, चढ तोतो, जागा आहे!" आणि मी म्हणालो, "नको नको, अंकल, तुम्ही व्हा पुढे. कशाला उगाच अडचण." तिया, मला चढायचंच होतं. माझा एक पाय पायरीवर होता. पण पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणतं का? आपण नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा म्हणायचं, आपण पुन्हा आढेवेढे घ्यायचे आणि मग त्यांनी दंडाला धरून ओढलं की "तुम्ही काही ऐकतच नाही" म्हणत चढायचं, हीच आपली रीत. पण मागून पाहुणे येत होते. (पाहुणे म्हणजे तेच, मेलेले. रेडिओवाले त्यांना झॉम्बी म्हणायचे. आमच्या मॅडम विल्यारुझनी मात्र पहिल्याच वर्षी बजावलं होतं, दारात येईल त्याला ग्राहक म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं. मी अजून तेच पाळतो.) अंकलनी एकदाच विचारलं आणि गिअर टाकला. आर्झेल मागच्या फळीवरून हात हलवत राहिला आणि मीही हसून हात हलवत राहिलो, अगदी फाटकाबाहेर सोडायला आलेल्या यजमानासारखा.

तुला विचारलं असतं तर अंकलचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू पुढच्या सीटवर बसून खिडकीची काच खाली केली असतीस. मला ते माहीत आहे आणि हल्ली मी त्याचा रोज विचार करतो. आपल्या अख्ख्या गिमारास बेटावर पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारी तू एकटी. पाद्रीबाबा मिस्सा संपल्यावर सवयीनं "या हं सगळे जेवायला" म्हणाले आणि तू घरून स्वतःचं ताट घेऊन गेलीस. गावच्या जीपनीतून जाताना शेजारच्या बाईनं एकुलतं एक केळं सोलून, रीतीप्रमाणे तुझ्यापुढे केलं आणि तू ते खाल्लंस. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत बसलो, तर तू मला म्हणालीस, "तिनं विचारलं, मला भूक होती. मधे खोटं कशाला आणायचं?"

आणि आमच्या कॉलेजचा पालक-दिन! आम्ही पोरांनी तीन दिवस खपून फ्रेंच जेवण केलं होतं. शहराचे बडे लोक आले होते, सगळे चमच्यानं दोन थेंब चाखून "वा वा" करत होते. तू सूपचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून पिऊन टाकलास, तोंड पुसलंस आणि परीक्षकांच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "मीठ कमी आहे." मॅडम विल्यारुझचा चेहरा मला अजून आठवतो. (माझे गुण विचारू नकोस.) होडीतून परत येताना मी एवढंच म्हटलं, की तिया, लोकांत कशाला बोललीस. झालं! तू रुसलीस. मी सुट्टीला घरी होतो तो अख्खा उपासाचा महिना माझ्याशी बोलली नाहीस. माझे कपडे धुतलेस, माझं ताट वाढलंस, मी आजारी पडलो तर कपाळावर पट्ट्या ठेवल्यास, पण तोंडातून शब्द नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचीस. मी फुलं आणली, गाणं म्हटलं, पाया पडलो, शेजारच्या बायकांना मध्यस्थीला आणलं. मग एक दिवस वैतागून मी स्वतःच मुगाचं कालवण केलं आणि घाईत मीठ घालायचं विसरलो. तू एक घास घेतलास, चमचा खाली ठेवलास आणि भिंतीला म्हणालीस, "मी तुझ्याशी बोलत नाहीये. पण मीठ कमी आहे." त्या दिवशी आपण दोघं किती हसलो होतो!

असो. पाहुण्यांविषयी तुला उत्सुकता असेल. पहिल्या वर्षाला येताना तू माझ्या बॅगेत वाघळी माशाची वाळलेली शेपटी आणि मिठाची भली मोठी पिशवी घातली होतीस, शहरात रात्री माणसं खात हिंडणाऱ्या आस्वांगांपासून रक्षण व्हावं म्हणून. मी शेपटी पलंगाखाली लपवली, न जाणो पोरं काय म्हणतील. तर अगदी सुरुवातीला ती बाहेर काढून मी खालच्या दाराच्या जाळीतून एका पाहुण्यावर उगारली. तुझा विश्वास दुखवायचा नाही, पण त्यानं ती दुसऱ्या टोकाला धरली आणि आम्ही बराच वेळ रस्सीखेच खेळलो. मीठही फेकून पाहिलं. तो चाटत उभा राहिला. हे आस्वांग नव्हेत, तिया. आस्वांगाला निदान अक्कल असते, पहाट झाली की तो आपल्या घरी जाऊन माणसात बसतो. यांना घरच आठवत नाही. एक मात्र आहे, आपल्या लोकांचा आवाज मुळातच गोड. आपण तावातावानं भांडत असलो तरी मनिलाच्या माणसाला वाटतं अंगाई चालली आहे. मेल्यावरही तो गोडवा गेलेला नाही. खालून दिवसभर गुणगुण येत असते, शब्द नसतात पण चाल तीच. डोळे मिटून घेतले की आपण शनिवारच्या बाजारात मासळीच्या रांगेत उभे आहोत असं वाटतं. मी पुष्कळदा डोळे मिटून घेतो.

आता मुख्य फजिती. (दुसऱ्या मजल्यावर मी हौसेनं राहायला आलेलो नाही.) सुरुवातीला माझा मुक्काम तळमजल्यावर होता. दाराला लोखंडी जाळी, आत स्वयंपाकघर, तांदूळ, डबाबंद मासे, गॅस, सगळं हाताशी. पाहुणे रस्त्यानं जायचे यायचे. मी गप्प असलो की त्यांचंही लक्ष नसायचं. एका दुपारी मी जाळीपाशी टेबल मांडून, रुमालाची नीट घडी घालून जेवायला बसलो. पहिला घास तोंडाशी नेला आणि कोपऱ्यावरचा ट्रॅफिक पोलीस समोरून चालला. गणवेशात होता, शिट्टी गळ्यात होती. आपण जेवतोय, समोरून ओळखीचा माणूस जातोय, अशा वेळी आपल्या तोंडातून काय निघतं तूच सांग. मी म्हणालो, "या सर, जेवायला!"

तिया, मी विचार करून म्हटलं नाही. शिंक येते तसं आलं. जिवंतपणी तो पोलीस रोज तिथून जायचा, आम्ही पोरं डबे खात असलो की रोज त्याला बोलवायचो आणि तो रोज हात वर करून म्हणायचा, "पोट भरलंय, चालू द्या." वर्षानुवर्षं त्यानं एक घास खाल्ला नव्हता. त्या दिवशी तो थांबला. मान वळवली. आणि आला. त्याच्यामागे शाळेच्या गणवेशातल्या मुली आल्या, चर्चच्या गायनमंडळातले चौघे झगे सावरत आले, बटचॉय नूडल्सच्या गाडीवाला आला. जाळी वाकायला लागली. मी उठून उभा राहिलो आणि, शिक्षणाचा परिणाम बघ, रुमाल हातावर टाकून विचारलं, "आपण किती जण आहात?" मग भानावर आलो, तांदळाचं पोतं, शेगडी, घंटी आणि तुझी मिठाची पिशवी उचलली आणि वर पळालो. (घंटी का उचलली ते मला आजही सांगता येणार नाही.) जिन्यात सहा गाद्या कोंबल्या. खाली भांड्यांचा आवाज बराच वेळ येत होता. सगळं खाल्लं त्यांनी, डब्यांच्या कागदांसकट. मी हाती लागलो असतो तर वाढणाऱ्यासकट.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की आपलं शहर गेलं कसं. इतर ठिकाणी म्हणे गोळीबार झाला, पूल उडवले. इथे तसं काहीच झालं नाही. दुपार झाली, लोक जेवायला बसले, दारावरून कोणी गेलं, आणि घरोघरी आवाज निघाला, या जेवायला. रेडिओवर दोन दिवस सांगत होते की कृपया जेवताना कुणालाही बोलावू नका. त्यावर लोकांचे रागावून फोन! एक बाई तर रडकुंडीला आली होती. "म्हणजे दारावरून माणूस जाताना आम्ही तोंड फिरवून खायचं? आम्हाला काय आईबापांनी वाढवलं नाही?" निवेदक बिचारा सगळ्यांची समजूत काढत होता. शेवटी तो दमून म्हणाला, "बरं श्रोतेहो, आता मी माझा डबा उघडतोय. या जेवायला." त्यानंतर त्या रेडिओवर काहीच लागलं नाही.

मग मी काय केलं असेल? तू ओळखलं असशील. मी गच्चीवर जाऊन रोज दुपारी ओरडायला लागलो. "या जेवायला!" पाहुणे गोळा होतात, वर बघतात, त्यांना जिना चढता येत नाही. पण मी त्यांच्यासाठी ओरडत नव्हतो. मेलेला येतो आणि जिवंत माणूस नको म्हणतो. एवढ्या मोठ्या शहरात कुठल्यातरी खिडकीतून, कुठल्यातरी माळ्यावरून एखादा तरी म्हणेल की नको, पोट भरलंय. मी ओरडायचो आणि कान देऊन उभा राहायचो. किती दिवस उभा राहिलो ते लिहीत नाही. नुसती गुणगुण यायची. कॉलेजच्या गर्दीत मला कधी कधी एकटं राहावंसं वाटायचं तिया, तेव्हा मला एकटं असणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एकटं म्हणजे नको म्हणणारंही कोणी नसणं.

आणि चार दिवसांपूर्वी नदीकडून आवाज आला. "पोट भरलंय रे, तोतो! चालू दे तुझं!"

मी पोरासारखा रडलो. मग घाईनं डोळे पुसून पुन्हा ओरडलो, "असं कसं, घासभर तरी घ्या!" तो म्हणाला, "आत्ताच झालंय माझं, खरंच!" मी तिसऱ्यांदा म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर मला वाईट वाटेल हं." तेव्हा त्यानं होडी मागच्या भिंतीला लावली आणि पाइपावरून चढून आला. हा नोंग आम्बो. आपल्याच बेटावरचा, धक्क्याखालच्या वस्तीतला मच्छीमार, डिझेल शोधत नदीत शिरला होता. "पोट भरलंय" म्हणणाऱ्या या माणसानं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. त्यानं माझा दोन दिवसांचा भात खाल्ला आणि प्रत्येक वाढीला "पुरे, पुरे" म्हणत ताट पुढे केलं. इतकं सुंदर खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी त्याला सहाही खोल्या दाखवल्या. टॉवेलचा हंस बघून तो म्हणाला, "बदक छान झालंय." आता तो माझ्यासाठी मूग, आलं, लसूण घेऊन दुसऱ्यांदा आला आहे, खाली डिझेल भरतोय आणि मी हे लिहितोय.

तर बेटावरची व्यवस्था त्यानं मला सांगितली. (तुला माहीत असणारच, तरी पत्रात काहीतरी लिहायला हवं.) येणारी होडी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर थांबवायची. पहारेकरी ताट हातात घेऊन ओरडणार, "या जेवायला!" होडीतल्यानं नको म्हणायचं. जो हो म्हणेल किंवा नुसता पुढे येईल त्याला माघारी ढकलायचं. आणि नको म्हटलं तरी नातेवाइकानं धक्क्यावर येऊन हा आमचाच म्हणून ओळख द्यायची, त्याशिवाय पाय टाकू देत नाहीत. नोंग आम्बोची बायको मानांग लोर्ना दर खेपेला येते आणि होडी दिसल्याबरोबर त्याला शिव्या द्यायला लागते. पहारेकरी म्हणतात, जाऊ दे, मेलेल्या माणसाला एवढं कोणी बोलत नाही. मी आरशासमोर सराव करतोय. "पोट भरलंय, चालू द्या." पोट रिकामं असताना हे वाक्य म्हणणं फार जड जातं, ओठ आधीच हो म्हणतात.

आणि आता मोहोर. गच्चीवरून सामुद्रधुनीपलीकडे आपलं बेट दिसतं हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. दुपार कलली की तू आमराईत ओला पाला जाळतेस आणि झाडांना मोहोर यावा म्हणून धूर देतेस, तो धूर मला रोज दिसायचा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. मी इकडे खुर्ची टाकून बसायचो आणि म्हणायचो, चला, तिया आहे. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. मागच्या आठवड्यापासून धूर नाही. झाडांना मोहोर आला की तू धूर बंद करतेस, ते मला माहीत आहे. मोहोरच आला असेल.

मी मजेत आहे. धक्क्यापर्यंत येऊन ओळख दे असं सांगणार होतो, पण तुझा गुडघा दुखत असताना उतार उतरू नकोस. मला इथे सगळी सोय आहे, सहा खोल्या आहेत. मार्गारिताच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक वेळा) भाचा,
फेर्लान

ता. क. वरचं सगळं मी मजेत लिहिलं. एक गोष्ट लिहिली नाही. नोंग आम्बोनं आज सांगितलं की मागच्या आठवड्यात पहारेकरी बेटावर घरोघर ताट घेऊन फिरले, कुणी आतल्या आत मेलेलं नाही ना ते पाहायला. दारात उभं राहून म्हणायचे, "या जेवायला." सगळ्यांनी नको म्हटलं. वरच्या आमराईतल्या एका म्हातारीनं नको म्हटलं नाही. ती तरातरा पुढे आली. पहारेकऱ्याच्या हातून ताट निसटलं तर तिनं ते वरच्यावर झेललं. मी विचारलं, "मग ती काही बोलली का?" नोंग आम्बो म्हणाला, "कोण थांबतंय तोतो? तिच्यावर जाळं टाकलं आणि नेलं." कोंबड्यांच्या झुंजीचा आखाडा आहे ना धक्क्याच्या वर, तिथे अशांना ठेवतात, झुंजीचे कोंबडे ठेवायचे तसं एकेकाला वेगळ्या पिंजऱ्यात. मारत नाहीत. कुणाची तरी आई, कुणाचा तरी मेहुणा, मारणार कोण? मी विचारलं, ती म्हातारी बाकीच्यांसारखी गुणगुणते का? तो म्हणाला, "नाही. ती एकटीच गप्प आहे. भिंतीकडे तोंड करून बसलेली असते."

पुन्हा ता. क., आणि हा आखाड्याच्या पहारेकऱ्यांसाठी. दादा, तुमच्यावर माझा राग नाही. पण तुम्ही एका बाईला जेवायला बोलावलंत आणि ती आली म्हणून तिच्यावर जाळं टाकलंत. अशा वेळी माझी तिया ओरडत नाही, "मी जिवंत आहे" वगैरे सांगत नाही. ती रुसते. तिची समजूत घरच्या माणसानंच काढावी लागते आणि घरचा माणूस मी एकटाच आहे. तुमच्या नियमाप्रमाणे तिनं धक्क्यावर येऊन माझी ओळख दिल्याशिवाय मला उतरता येत नाही आणि मी उतरून तिची ओळख दिल्याशिवाय तिला बाहेर येता येत नाही. नियम चांगला आहे, त्यात मी खोट काढत नाही. म्हणून मी नोंग आम्बोबरोबर धक्क्यासमोर येऊन होडीतच बसणार आहे. तुम्ही बोलवा, मी नको म्हणेन. पत्राबरोबर एक डबा पाठवतो आहे. तो तिच्या पिंजऱ्यात सरकवा आणि कृपा करून यावेळी पळू नका. पहिला घास होईपर्यंत थांबा. ती मेली असेल तर मुकाट्यानं सगळं खाईल. मेलेले कधी नावं ठेवत नाहीत.

शेवटचा ता. क. मानांग लोर्ना, पुढचं पिंजऱ्याजवळ उभ्या राहून, मोठ्यानं वाचा. तिया, मी फेर्लान. खाली धक्क्यासमोर होडीत आहे. वारा आखाड्याकडून पाण्यावर येतो, म्हणून तू ओरडलीस तर मला ऐकू येईल. ऐकू आलं नाही तर मी काय करीन ते मला माहीत नाही, म्हणून ते लिहीत नाही. मी मजेत नाही, तिया. मला ट्रकवर पहिल्यांदाच हो म्हणायला हवं होतं, तुझ्यासारखं. डब्यात मुगाचं कालवण आहे, भिंतीपाशी उगवलेल्या शेवग्याचा पाला घातलाय, आलं घातलंय, लसूण तुला आवडतो तसा करपवलाय. तू दिलेली मिठाची पिशवी माझ्या समोर आहे, अर्ध्याच्या वर भरलेली. त्यातला एक कणही मी त्यात घातलेला नाही. ये, जेवायला.